खापरपणजोबांचे नाव काय? बार्शीटाकळीतून एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा शोध

जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. दहावी-बारावीनंतर आपल्या बहुतेक घरांत हा कागद एकदा तरी तयार होतो. खाली अर्जदार, त्याच्या वर वडील, मग आजोबा आणि चुलत आजोबा. पणजोबांचे नाव कोणीतरी म्हातारी आत्या सांगते म्हणून कसेबसे लिहिले जाते. त्याच्या वर रेघ संपते.

बार्शीटाकळी तालुक्यातील आम्ही काही मुलामुलींनी अशी अनेक शपथपत्रे लिहून दिली आहेत. प्रत्येक वेळी तेच होते. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. त्याआधीचा एक दाखला हाती आला की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात, फाईल जमा होते आणि पूर्वजांचा विषय तिथेच मिटतो. सरकारला हवे तेवढे सापडले. आपल्याला काय हवे होते, हे कोणी विचारत नाही.

आज वीस वर्षांच्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. वडील १९७५ च्या आसपासचे, आजोबा १९४८-५० चे, पणजोबा १९२० चे. म्हणजे खापरपणजोबा १८९५ चे आणि त्यांचे वडील १८७० चे. एकोणिसावे शतक आपल्यापासून फक्त चार-पाच माणसे दूर आहे. तरी त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. आमच्या बार्शीटाकळीच्या जुन्या हेमाडपंती मंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७ चा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव आम्हाला वाचता येते आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या पूर्वजाचे येत नाही. हा काही योगायोग नाही. नाव कोणाचे लिहायचे, हे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी ठरवले.

मग आपला पूर्वज शोधायचा कसा? आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. सुरुवात आपल्या सर्वांना परिचित असलेल्या घरापासून करू.

मालोजी सकपाळ कसे सापडतात?

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सर्वांना माहीत आहेत. रामजींचे वडील मालोजी सकपाळ मात्र जयंतीच्या भाषणातही क्वचितच येतात. एकोणिसाव्या शतकातील हा पूर्वज आपल्याला माहीत कसा झाला, हे उलट्या क्रमाने पाहिले की शोधाची पद्धत कळते.

पहिला कागद शाळेचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचा पहिल्या इयत्तेत प्रवेश झाला. रजिस्टरात १९१४ या अनुक्रमांकासमोर नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. याच दिवसाची आठवण म्हणून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. या एका ओळीत तीन गोष्टी मिळतात : मुलाचे घरातले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव.

दुसरी पायरी आडनावाची. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. गावाच्या नावावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेत आंबेडकर. कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांची हकीकत आपण ऐकलेली आहेच. आडनाव बदलले, पण गावाचा माग त्यात शिल्लक राहिला. तो माग रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे गावी पोहोचतो.

तिसरी पायरी नोकरीची. मालोजी मुंबई इलाख्याच्या फौजेत होते. रामजीही फौजेत गेले, सुभेदार झाले, लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. भीमाबाईंचे माहेर मुरबाडचे, आणि तिकडचे पुरुषही फौजेतच मोठ्या हुद्द्यांवर. पलटणीत माणसाची नेमणूक, बढती, पेन्शन सगळे कागदावर चढते. गावगाड्याने ज्याचे नाव लिहिले नाही त्याचे नाव पलटणीच्या कारकुनाला लिहावेच लागले.

चौथी पायरी आठवणीची. मालोजींच्या अपत्यांपैकी रामजी आणि मीराबाई ही दोघे हाती लागली. भीमाबाईंच्या निधनानंतर लहानग्या भीमरावाला सांभाळले ते या आत्या मीराबाईंनी. आंबडवे गावच्या देवीच्या पालखीचा मान सकपाळ घराण्याकडे होता, अशी आठवणही चरित्रात नोंदली गेली. चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली आला, धनंजय कीरांचे चरित्र १९५४ साली. जाणती माणसे हयात असतानाच या आठवणी कागदावर उतरल्या. तरीसुद्धा रामजींच्या जन्मसालाबाबत चरित्रकारांचे एकमत नाही. बाबासाहेबांच्या घराची ही स्थिती असेल, तर आपल्या घरात सगळे साल-तारखेसह मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

शाळा, आडनाव, नोकरी आणि आठवण अशा या चार पायऱ्या आहेत. आता त्या घेऊन वऱ्हाडात येऊ.

वऱ्हाडातला मार्ग वेगळा का?

कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक महार घरांना मुंबई इलाख्याच्या फौजेचा माग लागतो. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. पेन्शन आणि अक्षर या दोन्ही गोष्टी त्यांना पलटणीने दिल्या होत्या. आपला वऱ्हाड मात्र १८५३ पर्यंत थेट निजामाच्या अंमलाखाली होता. त्या वर्षीच्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि कागदोपत्री या मुलखाचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ झाले. इथल्या आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकांचे आयुष्य पलटणीत नव्हे, तर गावकीत, शेतमजुरीत आणि पुढे कापसाच्या जिनात गेले. म्हणून आपला शोध महसुली कागदांतून जातो.

त्यासाठी कारभाराच्या हद्दी आधी समजून घ्याव्या लागतात. १८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली आणि शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. १९०३ नंतर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना होऊन जुना वाशीम जिल्हा मोडला आणि वाशीम, मंगरूळ हे तालुके अकोल्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. बार्शीटाकळी आज स्वतंत्र तालुका असला तरी जुन्या काळी तो अकोला तालुक्याचा भाग होता.

याचा व्यवहारात अर्थ असा : बार्शीटाकळीच्या तहसिलीत ‘रेकॉर्ड नाही’ असे उत्तर मिळाले म्हणून परत फिरू नका. तो कागद अकोल्याच्या जुन्या अभिलेख कक्षात असू शकतो. पूर्वज मंगरूळपीरकडून आलेला असेल, तर कोणत्या वर्षी ते गाव कोणत्या जिल्ह्यात होते ते आधी पाहा. आम्ही स्वतः एका कार्यालयात तीन वेळा रिकाम्या हाताने परतलो, कारण आम्ही आजच्या तालुक्याचे नाव सांगत होतो आणि गठ्ठ्यावर जुन्या तालुक्याचे नाव होते.

आणखी एक गैरसमज. वऱ्हाडात १८६७ साली शिरगणती झाली, त्यात नाव सापडेल असे काहींना वाटते. त्या शिरगणतीचे जे छापील अहवाल आपल्याला वाचायला मिळतात, त्यांत गाव, जात आणि डोकी आहेत; माणसांची नावे नाहीत. आपले पूर्वज तिथे एक आकडा आहेत.

पहिली वही घरातली

कार्यालयात जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा. हो, बाईजवळ. पुरुष गावकी, जमीन, भांडणे सांगतात. कोण कोणाला दिली, कोणाचे माहेर कुठले, कोणते मूल कोणत्या साथीत गेले, हे बाया सांगतात. नातेसंबंधांची खरी वंशावळ त्यांच्याकडे असते.

‘जन्म कोणत्या साली?’ असे विचारू नका. उत्तर मिळणार नाही. मोठ्या घटना विचारा. छप्पन्नचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. ‘माया सासऱ्याचा बाप मानमोडीत गेला’ एवढे एक वाक्य मिळाले, तरी कोणत्या वर्षाचे रजिस्टर उघडायचे ते ठरते. दुष्काळात घर कुठून कुठे हलले, हेही विचारा. आज बार्शीटाकळीत असलेले घर दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्याच गावचे असू शकते, आणि मग सगळी शोधाशोध त्या गावी करावी लागते.

बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड करा; सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, तारीख आणि त्यांचे नाव बोलून. एकाच प्रश्नाची दोन घरांत दोन उत्तरे आली तर दोन्ही लिहा. आपल्याला पटलेले ठेवून दुसरे खोडू नका.

कोतवाल बुक : मृत्यूच्या पानावर शोधा

विदर्भात जात पडताळणीच्या निमित्ताने ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. गावातील जन्म-मृत्यूची वर्दी कोतवालाने द्यायची आणि ती नोंदवहीत चढायची, म्हणून हे नाव. हीच नोंद पुढे गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते. ही वर्दी देणारा कोतवाल अनेक गावांत महारच असे. गावातल्या प्रत्येक घरच्या जन्ममरणाची बातमी आपलाच माणूस पायी नेत होता.

सगळ्या गावांची बुके शिल्लक नाहीत. काहींना वाळवी लागली, काही भिजली. जी शिल्लक आहेत त्यांतली काही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मागे जातात. १८६० साली जन्मलेल्या माणसाची जन्मनोंद त्यांत मिळणे अवघड. तो दोन ठिकाणी सापडतो. एक, त्याच्या मुलांच्या जन्मनोंदीत वडील म्हणून. दोन, स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीत. १९१८ साली वारलेल्या माणसापुढे ‘वय ६०’ असेल तर तो १८५८ च्या आसपासचा. वय अंदाजाने लिहिलेले असते, पन्नास-साठ असे ठोकळ आकडे फार असतात, म्हणून पाच-सात वर्षांची फरकाची जागा ठेवावी.

मुलांच्या नोंदीत बऱ्याचदा मुलाचे नावच नसते. अमक्यास मुलगा झाला, अमक्यास मुलगी झाली, एवढेच असते. निराश होऊ नका. आपण मुलाला नाही, वडिलांना शोधत आहोत, आणि वडिलांचे नाव तिथे आहे.

नक्कल मागताना गाव, नाव, संभाव्य वर्षे आणि नोंदीचा प्रकार लेखी द्या. एक वर्ष न देता पाच-सात वर्षांचा टप्पा द्या. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून रजिस्टर पाहण्याची परवानगी मागता येते. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील स्कॅन झालेले जुने महसुली अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात.

शाळा, जमीन आणि सावकार

दुसरा कागद शाळेचा दाखल-खारीज. आपल्या अनेक घरांत शाळेत पाऊल ठेवणारा पहिला माणूस आजोबा किंवा पणजोबा यांच्या पिढीतला. त्याच्या नोंदीत वडिलांचे किंवा पालकाचे नाव असते. गावात शाळा नसेल तर जवळच्या मोठ्या गावच्या शाळेचे जुने रजिस्टर पाहा.

जमिनीच्या कागदात आपले नाव कमी, कारण जमीनच कमी. तरी हक्क नोंदी, खासरा पत्रक, क-पत्रक आणि खरेदीखताच्या चतुःसीमा नजरेखालून घाला. शेजारच्याच्या शेताची हद्द सांगताना आपल्या पूर्वजाचे नाव येऊन जाते. सावकाराच्या गहाणखतातही येते, कधी ऋणको म्हणून तर कधी नोकर म्हणून. कागद अपमानाचा असला तरी नाव आपले असते.

गावच्या शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याच्या शब्दावर शीव ठरायची, त्याच्या नावावर त्या शिवेत एक सर्व्हे नंबर नसायचा. पूर्वज शोधताना ही गोष्ट वारंवार समोर येते आणि पुस्तकात वाचलेली विषमता घरची होऊन जाते.

वस्तीचे नाव शोधताना एक लक्षात ठेवा. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण जुन्या गावठाण नकाशात आपली वस्ती जुन्याच नावाने सापडेल. वाचताना त्रास होतो. तरी वाचावे लागते.

जुने काही कागद मोडीत असतात. त्यासाठी पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. प्रत्येक तालुक्यात आपल्यातले दोघे-तिघे जरी मोडी शिकले, तरी दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन उभे राहावे लागणार नाही.

नाव तेच, माणूस दुसरा

या कामात सर्वाधिक फसगत नावाने होते. एकोणिसाव्या शतकात आपल्या नोंदींत आडनाव सहसा नसते. भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांपैकी ‘नाक’ प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत. तिथेही माणसाचे आणि वडिलांचे नाव, आडनाव नाही. वऱ्हाडच्या महसुली कागदात ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. एकाच गावात एकाच नावाचे तीन महार असू शकतात. म्हणून वल्दच्या पुढचे नाव जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका.

आडनावावरही विसंबू नका. इंगळे, वानखडे ही आडनावे आपल्यातही आहेत आणि इतर समाजांतही. जातीचा शब्दही कधी ‘महार’, कधी ‘म्हार’, कधी ‘माहार’ असा लिहिलेला असतो, तिन्ही शोधा. कुठे पोटजातीचे नाव आढळेल. तो फक्त मागोवा घेण्याचा धागा समजावा, मिरवायची गोष्ट नव्हे. त्या भिंती आपण पाडून आलो आहोत.

बायांचे काय? ‘जौजे’ म्हटले की तिचे माहेर कागदातून पुसले जाते. तिचा माग तिच्या भावाच्या घरातून काढावा लागतो. वंशावळ लिहिताना आम्ही एक नियम केला आहे : पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचे नाव आणि माहेरचे गाव लिहिल्याशिवाय पुढची रेघ ओढायची नाही. मीराबाई वगळून मालोजींच्या घराची गोष्ट सांगता येत नाही, तसेच हे.

पुरावा आणि तर्क वेगळे ठेवा

शोध घेताना एक मोह होतो. कोणीतरी मोबाईलवर पाठवते की अमुक आडनावाचे लोक अमुक सम्राटाचे थेट वंशज. मधल्या दोन हजार वर्षांची एकही कडी त्यात नसते, पण वाचायला बरे वाटते. अशी वंशावळ भिंतीवर लावण्याआधी बाबासाहेबांची पद्धत आठवावी. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी तुटलेल्या कड्या जोडण्यासाठी तर्क का आणि कितपत वापरता येतो, याची स्वतःहून चर्चा केली आहे. आपला सिद्धांत त्यांनी तर्क म्हणून उघडपणे वाचकांपुढे ठेवला. तेवढा प्रामाणिकपणा आपल्या वहीतही हवा.

आम्ही तीन खुणा वापरतो. कागद पाहिला असेल तर ‘का’. माणसाने सांगितले असेल तर ‘सां’ आणि सांगणाऱ्याचे नाव. आपण जुळवले असेल तर ‘त’. एका घराच्या वंशावळीत शेवटच्या दोन नावांपुढे ‘त’ असेल तर असू दे. उद्या कोणाला कागद सापडला तर तो ‘का’ करील.

जुन्या नोंदीत खाडाखोड, अक्षर गिरवणे, नवे अक्षर घुसवणे हे चुकूनही करू नका. त्याने गुन्हा तर होतोच, शिवाय दक्षता पथकाच्या तपासणीत एक बनावट नोंद सापडली की त्या घरातल्या पुढच्या मुलांच्या खऱ्या दाखल्यांवरही संशय येतो.

बुद्धाच्या अनुयायाला वंशावळ कशाला?

विहारातल्या चर्चेत हा प्रश्न आमच्यातल्याच एका मुलीने विचारला आणि तो बरोबर होता. बुद्धाने जन्मावरून ठरणारा मोठेपणा नाकारला. माणूस कर्माने ओळखावा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आजी-आजोबांनी नागपुरात जन्माची जात टाकून दिली. मग पुन्हा जन्माचीच मुळे उकरायची कशाला?

आमचे उत्तर असे. कुळाचा अभिमान बाळगण्यासाठी आम्ही हे करत नाही. आमच्या एका घराच्या शोधात शेवटी जे सापडले ते एवढेच : एक नाव, वडिलांचे नाव, वय, आजार ताप, जात. कोणी सरदार नाही, कोणी संत नाही. त्या नोंदीची नक्कल घरी नेली तेव्हा ऐंशीच्या घरातल्या आजीने ते नाव दोनदा मोठ्याने वाचायला लावले. सासरी येऊन साठ वर्षे झाली होती आणि हे नाव तिने प्रथमच ऐकले होते. कृतज्ञता व्यक्त करायची तर कोणाविषयी, हे तरी माहीत असायला हवे. ज्या माणसांनी मेलेली ढोरे ओढून, शिवेवर पहारा देऊन, उपाशी राहून आपली पिढी जगवली, त्यांना निनावी ठेवणे हा गावगाड्याचा निर्णय होता. आपण तो पाळत राहण्याचे कारण नाही.

सवर्ण घरांना त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात-सात पिढ्यांची नावे मिळतात. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या लोकांना सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वह्यांत आपले पूर्वज कुठे शोधायचे? आपली वही आपल्यालाच लिहावी लागेल.

म्हणून येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक जाड वही घ्यावी. प्रवचनानंतर अर्धा तास एका घराला द्यावा. एक ज्येष्ठ बोलेल, एक मुलगी लिहील, एक मुलगा दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज टाकील. जात पडताळणीच्या हंगामात याच वहीतून मुलांचे कागदही लवकर उभे राहतील. पण काम तिथे थांबवू नका. आजोबांच्या वरच्या रिकाम्या रेघेवर नाव येईपर्यंत चालू ठेवा.

आणि घाई करा. कागदाला वाळवी लागायला वेळ लागतो. सांगणारी माणसे त्याआधी जातात.

जय भीम! नमो बुद्धाय!